आधी देवी, मंग बहीण

माझी शाळा चौथीपर्यंतच. पण अंबड-घनसावंगीकडचे रस्ते मला कुणी शिकवायची गरज न्हाई. अंकुशनगरच्या कारखान्याला बरीच वर्षं ट्रॅक्टरनं ऊस वाहिला. कोणत्या वळणावर ट्रॉली कलंडती, ते मी डोळे झाकून सांगीन. म्हणून दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही जालन्याहून गाडीनं निघालो, तेव्हा रस्ता मीच ठरवला. मुलानं मोबाईलवर नकाशा उघडल्ता. मी म्हणालो, "ठीव तो खिशात."

बेत साधा होता. अंबडला मत्स्योदरी देवीचं दर्शन घ्यायचं. पुढं जांबला समर्थांचं जन्मघर नातीला दाखवायचं. मंग कुंभार पिंपळगावला माझ्या धाकट्या बहिणीकडं जेवायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. देवीला निघालोय, तुझ्याकडं बी येतो, एवढं तिला फोनवर सांगितल्तं. निघता निघता मोती तलावावर नातीला फोटो काढायचे होते, तिथं उगंच उशीर झाला.

गाडीत सून म्हणाली, "बाबा, आधी आत्यांना घेऊन येऊ का? मग सगळे मिळून देवीला जाऊ."

ती बराबर बोलत होती, ते मला तेव्हाच कळलं. आमचं गाव अंबडच्या जवळ, देवी आमच्या घरची. आमच्यात रीत अशी की लेक सासरी गेली तरी माहेरच्या देवीची ओटी भरायला तिला भावानं न्यायचं. भाऊ आधी तिच्या दारात जातो, तिला संगं घेऊन निघतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आई होती तोवर आईच निरोप धाडून मला पिटाळायची. आई गेली, मंग पिटाळणारं कुणी राह्यलं न्हाई. बहीण तोंडानं कधी म्हणाली न्हाई. भावाला 'मला ने' म्हणायचं नसतं.

पण सुनेनं सांगावं आणि मी ऐकावं, हे मला जमलं न्हाई. मी म्हणालो, "अंबड अलीकडं, पिंपळगाव पलीकडं. आधी पुढं जा, तिला घेऊन मागं या, परत सोडायला पुढं जा. गाडी हाय का घाण्याचा बैल?"

मुलगा हसला. सून खिडकीतून बाहेर बघत बसली.

देवीच्या पायऱ्या मी मध्ये कुठं न बसता चढलो. नात मागून ओरडत होती, "आजोबा, थांबा ना!" मी थांबलो न्हाई. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? दर्शन झालं, नारळ फोडला, बहिणीसाठी प्रसाद रुमालात बांधला. नात म्हणाली, डोंगर माशासारखा हाय म्हणतात, मंग मासा कुठं हाय? मी म्हणालो, "आपण त्याच्या पाठीवर उभे हाव. मासा लांबून दिसतो."

जांबलाही गर्दी होती. रामाच्या देवळात सून जरा टेकली, तर मी तिला जल्दी कर म्हणालो.

पिंपळगावला पोचलो तेव्हा उन्हं कलल्ती. बहिणीच्या दारात दाजी बाजेवर बसल्ते. बघताच म्हणाले, "या मेव्हणे! तुमची बहीण सकाळपासून नटून बसली. मला वाटलं, म्हातारपणी मलाच सोडून चालली!"

बहीण बाहेर आली. अंगावर हिरवं लुगडं, घडी मोडून नेसलेलं. मागं भिंतीला लागून पिशवी तयार होती. त्यात नारळ, खण, तांदूळ, वरती हळकुंडं. तिनं आम्हाला पाणी दिलं, नातीच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "चहा घे दादा, मंग निघू. आधीच उशीर झालाय."

मी म्हणालो, "आमचं दर्शन झालं. हा घे तुझा प्रसाद."

मुलगाच पुढं झाला. "आत्या, चल ना. जाताना अंबडवरूनच जायचंय. रात्री आमच्याकडं राहा, उद्या मी आणून सोडतो."

"आन् वर कुणासंगं जाऊ?" ती त्याला म्हणाली, पण बघत माझ्याकडं होती.

आता मी 'माझ्यासंगं' एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. तर मी काय म्हणालो? "एका दिवसात दोनदा चढायला माझे गुडघे काय लोखंडाचे हायत?"

नात लगेच म्हणाली, "खोटं! आजोबा तर पळतच चढले. आम्हीच मागं राहिलो."

दाजी खो-खो हसले. "मेव्हण्याचे गुडघे माणूस बघून दुखत्यात!"

सगळे हसले. बहीणही हसली. मला मात्र झोंबलं, आणि झोंबलं म्हणून मी अजून ताठलो. म्हणालो, "तुझी मर्जी. यायचं तर ये, गाडीत जागा हाय."

"जागा हाय म्हणून देवीला जातेत का?" ती म्हणाली. "मुऱ्हाळी आधी दारात येतो, दादा. देवी मंग. तू उलटं केलं." आवाज चढवला न्हाई. तीही आमच्याच आईची. एकदा न्हाई म्हणाली की बिलकुल न्हाई.

तिनं आम्हाला वाढलं. पुरणपोळी, आमटी, वर तूप. मला दोन पोळ्या जास्तीच्या. सून म्हणाली, "आत्या, तुम्ही पण बसा." तेव्हा दाजी म्हणाले, "ती कशी बसंल? देवीचं दर्शन झाल्याबिगर खायचं न्हाई म्हणून सकाळपासून चहा बी न्हाई घेतला."

बहीण म्हणाली, "तुम्ही गप बसा हो." मंग माझ्या रुमालातला प्रसाद तिनं उघडला, कपाळाला लावला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि वर पाणी प्याली. असा उपास सोडला. मी पाटावर बसून ते बघत होतो आणि पोळी खात होतो. पोळी टाकून उठावं, 'चल, आत्ता चल' म्हणावं, असं पोटातून येत होतं. पण दाजींचं हसणं कानात होतं. मी अजून तूप मागितलं.

परतताना अंबडपाशी मुलानं गाडी हळू केली. मी म्हणालो, "कशाला थांबवून राह्यला? चल." सून मागं रडत होती की झोपली होती, मी वळून बघितलं न्हाई.

हिवाळा गेला. चैत्रात मी कुणाला न सांगता एसटीनं एकटाच पिंपळगावला गेल्तो. दारातच म्हणालो, "बाई, लुगडं नेस. देवीला चल. मी कुठंच न जाता थेट तुझ्याकडं आलोय."

ती भिंतीला धरून उभी राह्यली आणि लुगडं वर करून गुडघा दाखवला. सुजून घागरीएवढा झालेला. "संक्रांतीपासून असाच हाय," म्हणाली. "मोरीपर्यंत जायला बी ह्यांचा हात लागतो."

"आपण पायथ्याशी बसू. खालून हात जोडू."

"खालून तर एसटीतून बी हात जोडता येतेत दादा," ती म्हणाली. "त्याला भाऊ कशाला पाहिजे?" आणि हसली. खरंच हसली, राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

ओटीचं सामान मी जालन्याहून घेऊन गेल्तो. ती म्हणाली, तूच वाहा जाताना. मी म्हणालो, भावानं ओटी वाहायची रीत न्हाई. ती म्हणाली, "मंग सुनेला सांग. तिला कळतं." मी बरं म्हणालो. पण सुनेला सांगायचं म्हणजे त्या दिवशी तिचंच बराबर होतं, हे कबूल करायला लागंल. ती ओटीची पिशवी अजून माझ्या खाटेखाली हाय. तांदळाला किडे लागलेत, काल बघितलं.