डाव्या हाताचा नेम

त्या उन्हाळ्यात मी फणस चिरायला बसले आणि विळीने माझ्या उजव्या हाताची तर्जनी कापली. जखम भरली, पण आतली शीर तुटल्यामुळे बोट काही वाकेना. घास घेता यायचा, पेन धरता यायचं, मरोळच्या कारखान्यातलं पॅकिंगचं कामही रडतखडत चालायचं. फक्त पिस्तुलाचा चाप ओढता येत नव्हता, आणि मला तर नेमकं तेवढंच हवं होतं.

अंधेरीत एका शाळेमागे पत्र्याची शेड होती, तिथे आमचा छोटासा नेमबाजी क्लब भरायचा. कॉलेजात एनसीसीमुळे बंदुकीची गोडी लागली, नोकरी लागल्यावर मी एअर पिस्तुलाकडे वळले. जानेवारीत उपनगरांतल्या क्लबांची स्पर्धा व्हायची. संघात तिघांनाच जागा, आणि त्यातली एक माझी होती. आमचे मास्तर लष्करातून निवृत्त झालेले, त्यामुळे बोलायला अगदी सरळ. दिवाळीनंतर चाचणी घेईन, तोवर जागा राखतो, पुढे लाड नाहीत, असं त्यांनी सांगून टाकलं.

आधी मी मधल्या बोटाने चाप ओढून पाहिला. छर्रा कागद सोडून मागच्या पत्र्यावर टणकन वाजला. मास्तर शांतपणे म्हणाले, आता डाव्या हातात घे. मला हसूच आलं, कारण तो हात माझ्या आईने केव्हाच निवृत्त केला होता.

मी जन्माची डावरी. लहानपणी जेवायला बसले की आई माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या काठाने पाठीमागे बांधायची. दुष्टपणाने नव्हे. डाव्या हाताने जेवणाऱ्या पोरीला सासरी कोण नांदवणार, ही मालवणहून आलेल्या त्या बाईची खरीखुरी काळजी होती. ती जिंकली. मी इतकी उजवी झाले की आपण कधी डावरी होतो हे मीच विसरले.

उजव्या हाताने नेम धरताना मला समोरचं दुहेरी दिसायचं, म्हणून मी डाव्या डोळ्यावर नेहमी कागदाचा तुकडा लावायचे. त्या दिवशी मास्तरांनी तो काढायला लावला. डाव्या हातात पिस्तूल, दोन्ही डोळे उघडे, आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, लख्ख एकटी उभी. हात लटपटत होता, छर्रे वाटेल तिथे जात होते, पण सगळं जागच्या जागी दिसत होतं; हातासारखा माझा डोळाही डावराच निघाला. मला इतका आनंद झाला की पिस्तूल खाली ठेवून मी वेड्यासारखी हसत सुटले.

घरी सांगितलं तेव्हा आई नारळ खवत राहिली. पिस्तूल क्लबच्या कपाटात कुलुपात असायचं, म्हणून सरावाला मी घरी साधारण तेवढ्याच वजनाची इस्त्री वापरायचे. कपाटाच्या दारावर काळी टिकली चिकटवायची आणि डाव्या हाताने इस्त्री तिच्यासमोर धरून उभं राहायचं. दोनचार दिवसांनी आई लसूण सोलायला बरोबर माझ्यासमोर बसू लागली. हात डळमळला की मान वर न करता म्हणायची, "हालता." हात स्थिर राहिला तर गप्प. ती गप्प बसली की मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

अडचण मुठीची होती. पिस्तुलाची लाकडी मूठ उजव्या पंजासाठी कोरलेली, ती डाव्या हाताला नको तिथे टोचायची. चाळीतला सुतार म्हणाला, पंजाचा साचा आणा, नवी करून देतो. साचा म्हटल्यावर आईने परात पुढे ओढली आणि घट्ट कणीक मळली. ती एका दांडक्याला थापून मी दाबून धरली. सकाळी बघतो तर साच्याला मुंग्यांची रांग लागलेली. आईने सवयीने पुऱ्यांची कणीक मळली होती, चिमूटभर साखर आणि मोहन घालून. सुतार पोट धरधरून हसला, आणि आम्हीही. मग आईच कोपऱ्यावरच्या गणपतीच्या कारखान्यात गेली आणि उरलेल्या शाडूचा गोळा मागून घेऊन आली. गणपतीची माती आहे, आता हात बसलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं. आणि बसलाही. त्या साच्यावरून कोरलेली मूठ हातात घेतली तेव्हा ती मला कुठेच टोचली नाही.

चाचणीला आई पहिल्यांदाच शेडमध्ये आली आणि कानांत बोटं घालून बाकावर बसली. मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. शेवटचा छर्रा काळ्या वर्तुळाच्या मध्यात बसला. मास्तरांनी कागद उजेडात धरून नीट पाहिला आणि माझी जागा माझ्याकडेच राहिली. पुढे स्पर्धेत आमचा संघ तिसरा आला. संघ चारच होते, पण ते आम्ही चाळीत कोणाला सांगितलं नाही.

चाचणीच्या संध्याकाळी आईने देवापुढे पेढे ठेवले. प्रसाद घ्यायला मी सवयीने उजवा हात पुढे केला. तो तिने हळूच बाजूला सारला. मला काही कळेना.

"डावो हात कर," ती म्हणाली.

मी केला. तिने पेढा त्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं आपल्या हाताने त्यावर मिटली.

"खा. कोण काय म्हणता ता बघया."