काकूंची रिकामी स्ट्रिप

बाबांचा गुडघा दुखत होता, म्हणून शेजारच्या काकूंच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप घेऊन मी मेडिकलमध्ये गेले. आमच्या गल्लीत रिकामी स्ट्रिप हीच डॉक्टरांची चिठ्ठी.

"डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही देणार," फार्मासिस्ट ताई म्हणाल्या.

"नियम काय ते गरिबांनाच!" मी भडकले.

"भांड नंतर. बाबा आणखी कुठली गोळी घेतात?"

"रक्त पातळ होण्याची."

"मग त्यासोबत ही गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो गं!"

मी पुढे केलेली स्ट्रिप मागे घेतली. नियम म्हणजे गरिबाच्या दारावरचं कुलूप, असं मी आजवर माझ्या लेखांत तावातावाने लिहीत आले. या नियमाने मात्र माझ्या बाबांची चौकशी केली होती.

घरी बाबा पाण्याचा पेला धरूनच बसले होते. "आणलीस?"

"नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊ."

रिकाम्या हातांनी घरी आल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.