खिडकीची तीन भोकं

खिडकीच्या खालच्या खाचेत रात्रीच्या पावसाचं साचलेलं पाणी वहिनी जुन्या चादरीने टिपत होत्या. बादली अर्धी झाली, खाच अजून अर्धी भरलेलीच. खिडकीखालचा पलंग भिंतीपासून ओढलेला होता. गादी उन्हात टाकलेली, आणि गादीवरचा माणूस पाच दिवसांपासून दवाखान्यात.

भोक दिसलं की बुजवायचं, हा वहिनींचा जन्माचा स्वभाव. मुंग्यांच्या वाटेला साबण, नळाच्या पाइपाभोवती कापूस, दाराखाली चिंध्या. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर नाकपुड्या उघड्या ठेवायचीसुद्धा चोरी आहे!" आणि मग खोकत खोकत हसायचा. आता तो अंथरुणालाच खिळलेला; त्याच्या छातीपायीच तर जुन्या गळक्या खिडक्या काढून नव्या सरकत्या बसवल्या होत्या.

ठेकेदाराने पाठवलेला खिडकीवाला कमी बोलणारा, पण हाताचा नेटका. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट त्याने आधी फोमने भरली, मग बाहेरून करडं सिलिकॉन लावून ओल्या अंगठ्याने एका दमात खाली ओढत नेलं. "घ्या वहिनी, आता मुंगीलाही रस्ता नाही," तो म्हणाला. वहिनींची नजर मात्र खाचेच्या तळाशी गेली. तिथे बोटभर लांबीची तीन भोकं.

"अहो, ही राहिली ना!"

"ती असू द्यात," हत्यारं गोळा करता करता तो म्हणाला.

वहिनींना वाटलं, कामाची टाळाटाळ. तो जिना उतरला तशी त्यांनी बेसिनखालची पांढऱ्या सिलिकॉनची नळी काढली आणि तिन्ही भोकं गच्च भरून टाकली. देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "आता तुझ्या भरवशावर."

चौथ्या दिवशी सकाळी वाऱ्याचा पाऊस आला. वहिनी आतल्या खोलीत दार लावून जपाला बसल्या होत्या. तासाभराने बाहेर येतात तो खाच तुडुंब भरून पाणी पलंगावर उतरलेलं, आणि नवरा ओल्या गादीत थरथरतोय.

"हाक नाही का मारायची?"

"तुझा जप मोडला असता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात उचलूनच न्यावं लागलं.

त्याच दुपारी मुलाने ठेकेदाराला आणि खिडकीवाल्याला घरी बोलावलं. खिडकीवाल्याने एका भोकात खिळा टोचला. पांढरा कण निघाला.

"हे माझं नाही. मी करडं वापरतो."

"मग काय माझ्या बापाने उठून भरलं?" मुलगा ओरडला. "हात लावू नकोस आता!"

खिडकीवाला वहिनींकडे वळला. "वहिनी, तुम्हीच सांगा."

वहिनींनी पदर सावरला. "मला बाई त्यातलं काय कळतं?"

ठेकेदाराने त्याला तिथेच कामावरून काढलं. तो खिळा खिशात टाकून निघून गेला.

आता, हातात ओली चादर असतानाच, फोन वाजला. मुलगा होता.

"बाबांचं तसंच आहे. ऑक्सिजन वाढवलाय. आणि आई, त्या माणसाचं नाव मी सगळ्या ठेकेदारांना कळवतोय. याला आता कुठे काम मिळतं ते बघतोच!"

"अरे, ऐक..." पण फोन बंद झाला होता.

वहिनींनी चादर खाली ठेवली. मग केसातली पिन काढून खाचेशी वाकल्या आणि तळाशी टोचत राहिल्या. पांढरे तुकडे सुटले. एक भोक, दुसरं, तिसरं. खाचेतलं पाणी गुपचूप बाहेरच्या बाहेर निघून गेलं. चार वेळा देवाचं नाव घ्यायला लागेल तेवढाही वेळ लागला नाही. चादरीचं कामच उरलं नाही.

इतके दिवस त्या देवापुढे नवऱ्यासाठीच मागत होत्या. खिडकीवाल्याचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

त्यांनी सिलिकॉनचे तुकडे कागदात बांधले, बेसिनखालची नळी पिशवीत टाकली. बादली तशीच राहिली. ठेकेदाराच्या दुकानात जाऊन ती भोकं आपण बुजवली हे सांगायचं होतं. दवाखान्यात न्यायचा डबा त्यानंतर.