रुसवा कोणाशी? मी

आईचं हृदयाचं ऑपरेशन पार पडलं आणि घरी येताच तिनं जाहीर केलं, मलिदा करायचा. संकटातून सुटलं की आम्हा बेने इस्रायली ज्यूंमध्ये पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा करतात, आणि तो खायला माणसं बोलावतात. “पण माझ्याशी वाकडं असलेलं एकपण तोंड नको,” आई म्हणाली. म्हणजे हैफाची मावशीही नको. मलिद्यात साखर की गूळ यावरून दोघी बहिणींचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. मला मात्र मावशी हवीच होती. ऑपरेशननंतर गुंगीत आईनं फक्त तिलाच हाक मारली होती.

तेव्हा, दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत, मी संगणकावर स्वतःपुरता एक विकी, म्हणजे घरगुती विकिपीडियाच, चालवत असे. ओळखीच्या प्रत्येकाचं एक पान, पानावर रकाने: गाव, नातं, रुसवा कोणाशी. इस्रायलमधल्या त्या संगणकावर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मराठी शब्द हिब्रू लिपीत लिहायचे. आई सांगे, मी टंकत असे. भांडण तिच्याशीच असलं की ती म्हणे, “लिही, मी.”

मी शोधाची गाळणी लिहिली: गाव अश्दोद किंवा हैफा, आणि रुसव्यात ‘मी’ नको. दोन्ही गावांभोवती कंस घालायला विसरले. संगणकानं रुसव्याची अट फक्त हैफाला लावली आणि अश्दोदचे हाडवैरी सरसकट आत घेतले. “ह्या मशीनला आपल्या घरचं काय ठाऊक नाय,” आई म्हणाली. कंस घातल्यावर एकटा दातांचा डॉक्टर उरला, कारण आई त्याच्याकडे अजून गेली नव्हती.

तेवढ्यात माझी लेक सैन्यातून सुटीवर आली. हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. तिला वाटलं, माझ्याकडून जागोजाग नुसतं ‘कोण?’ लिहिलं गेलंय आणि भरायचं राहिलंय. तिनं सगळे ‘मी’ पुसून टाकले. मग त्याच गाळणीतून अख्खं गणगोत बाहेर पडलं, आणि लेकीनं सगळ्यांना मलिद्याचं बोलावणं करायला फोन केले. मला कळलं तोवर हैफालाही फोन गेला होता. मी खुशाल गप्प बसले.

मलिद्याच्या दिवशी पहिली घंटा वाजली तेव्हा आईच दाराशी होती. इथल्या सवयीनं तिनं आतूनच हिब्रूत विचारलं, “मी?”

बाहेरून मराठीत उत्तर आलं, “मी.”

आवाज ओळखताच आईचा हात कडीवर गेला.

“गूळ आणलाय,” मावशी म्हणाली.

“ऱ्हाऊ दे पिशवीतच,” म्हणत आईनं दार उघडलं आणि तिच्या गळ्यात पडली.