माझी पन्नी आणि आईच्या कुरडया

कार्बन डायऑक्साइड हा अतिशय आळशी वायू आहे. त्याचं लग्न एखाद्या चपळ रसायनाशी लावायचं, तर दाब द्यावा लागतो, तापवावं लागतं, वर कोबाल्टचं संयुग मध्यस्थ म्हणून बसवावं लागतं. मग त्याचं प्लास्टिक होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं मी हाच उद्योग केला. आमच्या वणीत कोळसा निघतो, त्याचा धूर होतो, आणि आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी तो धूर पकडून राह्यली."

हे प्लास्टिक साध्या उन्हाळ्यातही मऊ पडतं. म्हणून मी आणखी एक रसायन घालून त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या. पंचेचाळीस अंशांपर्यंत ते टिकलं. सरांनी पाठ थोपटली आणि मी शेफारले. मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी घरी आले, ती त्याच प्लास्टिकच्या टॉवेलएवढ्या दोन पन्न्या घेऊनच. लग्नाच्या कुरडया यांवरच घाल, असं आईला ऐटीत सांगितलं.

आईने तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, पहाटे उठून शिजवला आणि गच्चीवर माझ्या पन्न्यांवर कुरडया घातल्या. दुपारी मावशीने वरून हाक मारली. स्लॅब पंचेचाळीसच्या कितीतरी वर तापला होता, पाय ठेववत नव्हता. माझं संशोधन चघळलेल्या च्युइंगमसारखं ताणलं जात होतं आणि प्रत्येक कुरडईच्या बुडाला त्याचा लचका चिकटला होता.

मावशी उलथनं घेऊन बसली. "खरवडून घेऊ. तेलात टाकलं का सारं बराबर होते."

आईने माझ्याकडे बघितलं. "पोटात गेलं तं चालते काय?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण ते विषारी कोबाल्ट पन्नीत किती उरतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"मालूम नाही, आई. फेकून दे."

आईने सगळ्या कुरडया परातीत भरल्या, परसातल्या खड्ड्यात ओतल्या आणि वर माती लोटली. लग्न आठ दिवसांवर आलं म्हणून मावशी कपाळ बडवत होती. आई हात धुऊन माझ्याजवळ आली.

"सहा वर्सं एवढी शिकलेली मानसं होती तुह्या भवताल. कोनीच नाही इचारलं हे?"

"नाही."

"अन् तुनं सोताले?"