स्पिरिटमधलं पाणी

चमक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लाकडाला पॉलिश करण्यात त्याचा हात असा, की जुनाट कपाटात बघून लोकांनी भांग पाडावा. स्वतः मात्र दारूत लोळून असा झाला होता, की त्याच्यापुढे पायपुसणं बरं. बायको गेली तेव्हा घरातलं सगळं घेऊन गेली, त्याची उशी तेवढी टाकून. तिला कोण हात लावणार?

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यावर मोठ्या बहिणीनं त्याला आपल्याकडे आणलं. जिन्याखालची खोली दिली. खोलीत खाट होती, पंखा होता, दाराला आतून कडी तेवढी नव्हती. ताईनंच ती उचकटून टाकली होती. संध्याकाळी तो कामावरून आला की ती उंबऱ्यातच म्हणायची, "आ कर." हा चाळिशीचा बाप्या आ करायचा आणि ती आपलं घामेजलेलं नाक त्याच्या दातांपाशी आणून हुंगायची. त्याला शिसारी यायची. तिच्या नाकाची यायची आणि आपल्या तोंडाचीही.

"काय, पास का नापास?" आतून भावोजी विचारायचे. तेही दात कोरत. मग कोरलेलं काय निघालं ते काडीवर बघायचे.

घोडं पेंड खायचं ते स्पिरिटपाशी. लाखेचा चुरा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, तेच पॉलिश. केंद्रातले साहेब म्हणाले होते, "धंदा बदल." हा म्हणाला, "साहेब, मला दोनच गोष्टी येतात. पॉलिश करणं आणि ओकणं. कुठली धरू?" स्पिरिटचा वास आला की त्याच्या घशात ओढ आणि ओकारी एकाच वाटेनं वर यायच्या. तो तोंडाला फडकं बांधायचा आणि घासत राहायचा.

ताईनं तोड काढली. कॅन तिच्या कपाटात, कुलपात. सकाळी ती लागेल तेवढं बाटलीत ओतून देणार, तान्ह्याला मापानं दूध द्यावं तसं.  नाही म्हणायला त्याला तोंड कुठे होतं, ते तर हुंगायला दिलेलं.

अशात वकीलबाईंचं काम मिळालं. कुठल्या ठेकेदाराच्या हाताखाली नाही, त्याचं स्वतःचं. जेवणाचं मोठं टेबल. बाई तोंडाच्या फटकळ, पण म्हणाल्या, "हे नीट झालं तर ऑफिसचं सगळं लाकूडकाम तुमचं. मागची खोली रिकामी आहे, तिथंच राहा."

"आतून कडी आहे?" त्यानं विचारलं.

"खोलीला कडी नसेल तर काय असेल?" बाई म्हणाल्या.

त्यानं जीव ओतून पॉलिशचे हात दिले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर टेबलभर पांढरे चट्टे. कोड फुटल्यासारखे.

वकीलबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "पिऊन पॉलिश केलंत ना?"

"नाही हो."

"सगळे असंच म्हणतात. कोर्टात रोज ऐकते मी."

तो तसाच घरी आला. बाटलीत उरलेलं स्पिरिट पत्र्याच्या झाकणात ओतलं आणि काडी लावली. काडी चर्र करून विझली. स्पिरिट कुठलं, निम्मं पाणीच.

"ताई, ह्यात पाणी कुणी घातलं?"

ती भाजी चिरत होती. "मी. का रे?" अगदी साधेपणानं म्हणाली. "तुझ्या बाटलीत नाही का घालायचे पूर्वी? प्यायलास तरी कमी बाधावं म्हणून. हाताला सवयच लागलीय."

"पॉलिश नासलं ना! लाखेला पाणी चालतं का?"

"मला काय ठाऊक? दारूला चालतं तर..."

भावोजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. चमक्याला त्या हसण्याची, त्या चिरलेल्या भाजीची, सगळ्या घराचीच शिसारी आली. ओरडणार होता. पण पाणी घालायला तिच्या हाताला शिकवलं कुणी? त्यानंच. आणि हाही बावळट, आपला माल दुसऱ्याच्या हातून घेऊन, न तपासता चोपडत सुटलेला.

"कपाटातला कॅन ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "फरशी पूस त्यानं. माझा मी आणतो."

"एकटा? दुकानातून?"

"हो. आणि आजपासून आ करणार नाही."

ताई रडायला लागली. तो थांबला नाही. थांबला असता तर त्यानं आ केला असता.

दुकानातून त्यानं नवा कॅन उचलला. वाटेत एकदा गटारापाशी वाकून तो ओकला. चूळ भरली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि वकीलबाईंची बेल वाजवली.

"आता काय?" बाईंनी दार अर्धंच उघडलं.

बहिणीचं नाव जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. "स्पिरिटमध्ये पाणी होतं. मी तपासलं नाही, चूक माझी. सगळं खरवडून पुन्हा करतो."

"आणि परत चट्टे पडले तर?"

"तर खोली देऊ नका."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग दार पूर्ण उघडलं. तो फडकं न बांधताच टेबलावर वाकला. नवं स्पिरिट लागताच जुना थर चिकट होऊन शेंबडासारखा सुटायला लागला. तो पुसत गेला, चिंध्या फेकत गेला. दुपारपर्यंत खाली कोरडं, खरं लाकूड दिसायला लागलं.

बाई पदरानं नाक दाबून आल्या. "अहो, ती खिडकी तरी उघडा. हा वास सहन होत नाही मला."

"मलाही नाही," तो म्हणाला आणि उठून त्यानं खिडकी उघडली.