पलटण सोडलेला माणूस पाहायला पनवेलला

साताऱ्याहून एस.टी. सुटता सुटता आमच्या गावचे पेन्शनर सुभेदार खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, पोरगी देताय ते घर नीट बघून या. तुमचा होणारा जावई पलटणीतून परत आलाय म्हणे." एवढ्यात गाडी हलली. ऐकले त्याचा राग आलाच, पण उत्तर देता आले नाही याचा त्याहून जास्त आला.

वाचकांना आमचे गाव ठाऊक नसेल. घरटी एक माणूस फौजेत. दसऱ्याला सोने लुटायला शिवेवर निघतो तेव्हा पुढे सुभेदार-हवालदार, त्यांच्यामागे रजेवर आलेले शिपाई, मग त्या सगळ्यांची पोरेबाळे, आणि सर्वांत शेवटी आम्ही, म्हणजे ज्यांनी अंगावर कधी खाकी चढवली नाही ते. मी जातीचा सुतार. एका रंध्यावर धंदा सुरू केला. आज बैलगाडीच्या चाकांचे माझे दुकान तीन तालुक्यांत माहीत आहे. गावच्या देवळावरचा पत्राही मीच घातला. तरी दसऱ्याला माझ्यापुढे सात वर्षांचे शेंबडे पोर छाती काढून चालते, कारण त्याचा बाप शिपाई. लढाईच्या दिवसांत भरतीला मीही गेलो होतो. छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून डॉक्टरने परत पाठवले. त्या अर्ध्या इंचाने मला पंधरा वर्षे मागच्या रांगेत चालवले आहे.

पनवेलचे हे स्थळ आमच्यातलेच, सुतारांचे. काशिनाथ नाव, स्वतःचा चाकांचा कारखाना, घरी विधवा आई. मध्यस्थाने सर्व काही सांगितले होते, एवढी एक गोष्ट सोडून. मी गाडीतच ठरवून टाकले की सुभेदार म्हणतात ते खरे निघाले, तर स्थळ मोडायचे. लेकीला, सुमनला, सांगायचे, दुसरे बघू. आधीच मागे चालणाऱ्या घरात पलटण टाकून आलेला जावई आणला, तर गाव मला रांगेतही ठेवणार नाही.

पुण्यात गाडी बदलली. खंडाळ्याचा घाट सुरू झाला तशी गाडीतली बडबड आपोआप थांबली. मी देशावरचा माणूस. जमीन अशी एकाएकी संपते हे मी ऐकून होतो, पाहिले नव्हते. डाव्या हाताला दरी इतकी खोल की तळाचे झाड गवतासारखे दिसावे. समोर कड्यामागे कडे, प्रत्येक आधीच्याहून फिका, आणि शेवटचा तर आभाळात मिसळून गेलेला. शेजारच्या बाईने हात जोडले. मीही टोपी काढून मांडीवर ठेवली.

घाट उतरल्यावर हवा दमट झाली. चौक गावच्या थांब्यावर एक कातकरीण उकडलेले कंद विकत होती. सवयीप्रमाणे मी भाव निम्म्यावर आणला. ती म्हणाली, "घेवाचं नाय तं हात नको लावू, बाबा. मी रानातून खणून आणलंय, तू एस.टी.तून उतरून आलायस." मी तिने सांगितला तेवढाच भाव मोजला. कंद घेतले. पिठूळ, गोडसर होते. आणखी का घेतले नाहीत याची हळहळ पनवेल येईपर्यंत लागून राहिली.

पनवेल मला आधी दिसले ते खाडीकडून. भरती होती. पाण्यावर मचवे (शिडाच्या मालवाहू होड्या) उभे होते, आणि पलीकडे मिठागरांतून पांढऱ्याशुभ्र राशी एकीमागे एक अशा मांडलेल्या की कुणी चांदण्याचे ढीग करून ठेवले आहेत असे वाटावे. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका वर आलेल्या अंगठ्यासारखा. मीठ मी रोज खातो, पण ते असे उघड्यावर, मैलभर, उन्हात झळझळत असते हे चाळिशी उलटल्यावर कळले.

काशिनाथचा कारखाना बाजाराच्या टोकाला आहे. भिंतीला टेकवून साठ-सत्तर नवी चाके उभी. मी नुसता गिऱ्हाईक म्हणून आत शिरलो आणि एका चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवू लागलो. भट्टीशी बसलेले म्हातारे लोहार हसनचाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "शेठ, चाक बघायला आलात की जावई? सच सांगा. गिऱ्हाईक आधी खोट काढतं. तुम्ही पाच मिनिटं झाली, नुसते त्या पोराकडे बघताय."

मी ओशाळलो. काशिनाथ पुढे आला. बारीक अंगाचा, काळासावळा, चोवीस-पंचवीसचा. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बसा मामा. धाव तापलीय, आता बोलता नाय येणार."

धाव म्हणजे चाकाला बाहेरून घालायची लोखंडी कडी. ती चाकापेक्षा जराशी लहान घडवतात, शेणींच्या जाळात लाल करतात, फुगली की लाकडावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आवळते, आरे जागच्या जागी घट्ट बसतात. हे काम मी जन्मभर करत आलो आहे. माझ्याकडे ते आरडाओरड्यात होते. उचल, दाब, मार! इथे चौघांनी सांडशींनी ती धगधगती कडी उचलली आणि एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. काशिनाथने मान हलवली की चौघे सरकत, डोळे मिटले की थांबत. इतके लोखंड, इतकी आग आणि इतकी शांतता मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

आणि नेमका मीच ओरडलो. माझ्या बाजूने कडी किंचित कललेली दिसली, जिभेला लगाम राहिला नाही. "अरे डावीकडे! डावीकडे दाब!" समोरचा गडी दचकला, त्याचा हातोडा वेळेआधी पडला. कडी तिरकी बसली, लाकडाने पेट घेतला. काशिनाथने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एक तळवा वर केला, सगळे थिजले. मग त्याने स्वतः दोन ठोके दिले, कडी बसली, चौघांनी पाणी ओतले. वाफेत सगळे दिसेनासे झाले. वाफ विरली तेव्हा पाचही जण चाकावर कान लावून वाकलेले होते.

"काय ऐकतायत?" मी चाचांना हळूच विचारले.

"आरा बसताना बोलतो, शेठ. बारा आरे, बारा आवाज."

मला पाण्याच्या चुरचुरीखेरीज काही ऐकू येत नव्हते. काशिनाथ उठला. "अकरा," म्हणाला, आणि ते चाक बाजूला लोटले.

माझ्या ओरडण्याने वाया गेले होते. ते लपवायला मी धंद्याचा आवाज काढला. "दिसायला तर उत्तम आहे. भाव थोडा कमी कर, मीच घेऊन जातो."

"हे नाय देणार, मामा. घाटात आरा सुटला तर बैल दरीत जातील."

आता मला राग आला. ज्याच्यासमोर चुकलो त्याच्यावरच माझा राग निघतो, हा माझा जुना रोग आहे. सगळ्यांसमोर विचारले, "पलटणीतून का परत आलास?"

"आवडली नाय."

"आवडली नाही म्हणजे? पलटण काय दुधीची भाजी आहे?"

चाचा खो खो हसले. काशिनाथ नाही हसला. हातोडा खाली ठेवून म्हणाला, "पाच महिने होतो. पेंढ्याचा माणूस टांगून ठेवायचे. उस्ताद सांगायचा, ओरडून भोसक. मी पहिला आलो, पाठीवर थाप पडली. मला ते लय आवडलं, मामा. इतकं आवडलं की मंग माझंच मला भ्याव वाटलं. अर्ज दिला. त्यांनी समजावलं, थांबवून बघितलं, मंग सोडलं. पळून नाय आलो. कागद हाय, बघता?"

कागद मला नको होता. मला गावात सांगता येईल असे कारण हवे होते, आणि हवे ते घासाघीस करून मिळवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

"वडील आजारी पडले म्हणून आलास, असं सांगू या."

"बाबा त्या साली नेरे गावच्या शेतात नांगर धरत व्हते."

"गुडघ्यात दोष निघाला?"

"नाय निघाला."

"मग कानात?"

यावर चौघेही गडी हसत सुटले. पंचवीस वर्षे व्यापार केलेला मी, शेवटी चिडून ओरडलो, "अरे, मला गावात तोंड दाखवायचंय!"

"माझं मी रोज दाखवतो ना, मामा," तो शांतपणे म्हणाला. "चला, जेवाण थंड होईल."

घर कारखान्यामागेच होते. आईने तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. बोंबलाने डोळ्यांतून पाणी काढले, तरी मी दोनदा मागून घेतली. जेवता जेवता मी तिलाही टोकलेच. लेक परत आला तेव्हा गाव काय म्हणाले?

"म्हनतील काय? आमच्या दारात ताटातून बांगड्या धाडल्या. हिरव्या, डझनभर."

"मग?"

"मंग काय, तवा हे व्हते, मी घातल्या. माप बराबर व्हतं. गावदेवीच्या जत्रेत त्याच घालून मिरवले. धाडणारीनं इचारलं, कुठून घेतल्या गो? म्हनलं, तूच नाय का दिल्यास?"

मी पंधरा वर्षे एका रांगेवर कुढत होतो, आणि ही बाई गावाचा अपमान मनगटात घालून जत्रा करून आली होती.

ऊन कलल्यावर काशिनाथ मला बंदरावर घेऊन गेला. ओहोटी लागली होती. एक मचवा पाण्याबरोबर निघाला होता. सुकाणूवरचा माणूस एका हाताने बिडी ओढत होता, दुसऱ्या हाताने ते अवाढव्य धूड चिखलाच्या दोन काठांमधून असे नेत होता की जणू ओळखीच्या गल्लीतून चाललाय. शीड लहान होत होत दिसेनासे होईपर्यंत आम्ही बघत राहिलो.

मग मी त्याला ते सांगितले, जे बायकोलाही सांगितलेले नाही. डॉक्टरने छातीला टेप लावला आणि म्हणाला, श्वास भर. त्याच महिन्यात आमच्या आळीत दोन तारा आल्या होत्या, दोन्ही घरांचा आकांत मी ऐकला होता. मी श्वास अर्धाच भरला. अर्धा इंच कमी पडला नव्हता, मी पाडला होता.

काशिनाथने विचारले, "आन् गावाला?"

"गावाला छाती कमी भरली."

"इतकी वर्सं?"

"इतकी वर्षं."

"जड जात असंल, मामा," एवढेच तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. मी ती नीट शोधली.

दुसऱ्या दिवशी परतताना घाट चढताना पाहिला, आणि उतरतानापेक्षा मोठा वाटला. गाडी घरघरत वर जात होती. पुढच्या बाकावर रजेवर निघालेला एक शिपाई ट्रंकेवर डोके टेकून गाढ झोपला होता, तोंड उघडे, अगदी पोरसवदा. त्याच्याबद्दल मला ना हेवा वाटला ना कमीपणा. तो भरतीच्या टेपासमोर उभा राहिला तेव्हा त्याने श्वास पुरता भरला असेल, आणि ते माझ्याच्याने झाले नाही, हे मी मान्य करतो. पण तिथे आत जाऊन, शाबासकी घेऊन, आपल्यातले काहीतरी ओळखून, सरळ तोंडाने अर्ज देऊन बाहेर येणे हे कुठल्या टेपाने मोजायचे, ते मला कळेना. आमच्या रांगेत त्या माणसाला जागाच नाही. रांग बांधणाऱ्यांना असा माणूस असतो हे सुचलेच नसावे. मलाही कालपर्यंत सुचले नव्हते.

घरी आल्यावर सुमनला समोर बसवले. आधी त्याचे सांगितले, पेंढ्याच्या माणसासकट, एक शब्द गाळला नाही. मग माझे सांगितले. आतल्या खोलीत बायको भांडी घासत होती, तिचा हात थांबल्याचे मला ऐकू आले. सुमन खाली मान घालून पदराचे टोक पिळत होती.

"वडील आजारी होते असं त्यांनी सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्हाला कळलं असतं का, खोटं ते?"

"नसतं कळलं."

"गावाला?"

"गावाला तर मुळीच नाही."

"मग लिहा पत्र."

मी दौत ओढली आणि लिहायला बसलो. स्थळ पसंत, लग्नाची तिथी तेवढी आम्ही कळवू असे लिहिले, बाकी एकही अट घातली नाही.